एकाच्या बदल्यात एक

डबा दुधाच्या पावडरीचा होता, पण हलवल्यावर आतून पावडरीचा आवाज आला नाही. खेडचा कुणीतरी दुबईहून सुट्टीवर आला होता, त्याने तो एस.टी.च्या कंडक्टरकडे देऊन पाठवला, आणि मी ईशाला कडेवर घेऊनच रत्नागिरीच्या स्टँडवर जाऊन तो आणला. रिक्षात मांडीवर धरला तेव्हाच कळलं की आत काहीतरी जड आहे, नीट गुंडाळलेलं आहे, एकमेकांवर आपटू नये अशी काळजी घेतलेलं आहे. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारी ईशाच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या. मी चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं. वर आमचा निळा टॉवेल. त्याला दुबईच्या खोलीचा वास येत होता, एसीच्या दमट हवेचा, जुन्या तळणाचा, माझ्या नवऱ्याच्या, संदेशच्या दाढीच्या साबणाचा, आणि त्या वासाने मला आधी बरंच वाटलं, अगदी तोंड खुपसून मी तो घेतला. मग टॉवेल उलगडला. आत माझी अन्नपूर्णा होती. तिच्याखाली बाळकृष्ण. त्याच्याखाली आमची बोटभर घंटा, तिच्या लोलकाला कापूस बांधलेला, प्रवासात वाजू नये म्हणून. घाईत पाठवलेल्या वस्तूला कुणी कापूस बांधत नाही. संदेशने बसून, विचार करून, हे केलं होतं.

ती अन्नपूर्णा माझ्या आईने दिलेली. राजापूरच्या आमच्या घरी, लग्नाच्या सकाळी, गौरीहराशी बसून मी तिच्यावर चिमूट चिमूट तांदूळ वाहिले होते, आणि आई कानात म्हणाली होती की आता तुझी चूल जिथे, तिथे ही. म्हणून दुबईला जाताना मी तिला पर्समध्ये घेतलं, सामानात नाही. विमानतळावर मशीनमधून पर्स गेली तेव्हा पडद्यावर ती काळी, एवढीशी, हातात पळी धरून बसलेली दिसली आणि संदेश हसला, म्हणाला, बघ, हिचा व्हिसा कुणी विचारला नाही. तोच संदेश आता तिला टॉवेलात गुंडाळून परत पाठवतो. म्हणजे चूल तिथे नाही. याचा दुसरा अर्थ मला लावता येईना. आई हात पुसत आत आल्या, त्यांनी देव बघितले आणि त्यांचं तोंड उजळलं. "बरं केलंन हो," त्या म्हणाल्या, "नातीच्या उष्टावणाला देव हवेत, म्हणून पाठवलेन. माझा झंप्या तसा विसराळू, पण लक्षात ठेवतो." त्यांनी लगेच दोघांना स्वतःच्या देवांशेजारी जागा केली. घंटेचा कापूस मी सोडला आणि तो कुठे टाकावा हे न सुचून मुठीतच धरून राहिले.

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी देव मिळाले म्हणून सांगितलं. बरं, म्हणाला. का पाठवलेस, तर म्हणाला धूळ बसते, माझ्या हातून पूजा होत नाही. सगळं ठीक आहे ना, तर ठीक आहे. ईशाचा आवाज ऐकव म्हणाला आणि मी रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला, ती नेमकी गप्प बसली, नुसता श्वास. तो पलीकडे "ईशू, ईशू" करत होता आणि मला त्या हाकांपेक्षा त्यांच्या मागचा पोकळपणा ऐकू येत होता. सामान असलेल्या खोलीत माणसाचा आवाज असा येत नाही. गादी, पडदे, कपाट, कपाटावरचे खोके, हे सगळे आवाज पितात. मी त्या खोलीत दोन वर्षं राहिले होते, तिच्यात त्याची हाक कशी येते ते मला माहीत होतं. ही हाक भिंतीला लागून परत येत होती.

ती खोली म्हणजे एका फ्लॅटचा अर्धा भाग. हॉलला प्लायवूड ठोकून पलीकडे रितेश राहायचा. तो संदेशच्याच कंपनीत, एसीच्या कामावर, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा. मी राजापूरची म्हटल्यावर त्याने पहिल्याच दिवशी मला वैनी करून टाकलं. प्लायवूडमधून त्याचं शिंकणंही ऐकू यायचं आणि आमचं भांडणही त्याला ऐकू जात असणार, पण त्याने कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. मला दिवस राहिले तेव्हा मासळीच्या वासाने मी भिंतीला टेकून बसायचे, तर हा शुक्रवारी मासळी आणून खाली वॉचमनच्या खोलीत साफ करून, तिथेच तळून, जेवून, साबणाने हात धुऊन, वर लवंग चघळत यायचा. दाराशी उभा राहून विचारायचा, वैनी, येऊ काय, वास येतोय काय? लवंगेचाच इतका यायचा की मला हसू फुटायचं. ते हसू मला आता आठवतं तेव्हा त्याच्या मागे सतत ठाण् ठाण् आवाज असतो, समोरच्या प्लॉटवर खांब ठोकत असायचे त्याचा. रात्रंदिवस. पोटात ईशा त्या ठोक्यांवर हलायची असं मला वाटायचं. आणि एक दिवस तो आवाज थांबला. क्रेन होत्या तशाच उभ्या राहिल्या, माना वळवलेल्या, जशी काही त्यांना मागून कुणी हाक मारली होती. त्या शांततेत ईशा पोटात इतकी वळवळली की मी घाबरून रितेशच्या प्लायवूडवर थाप मारली, संदेश घरी नव्हता. रितेश धावत आला, काय करावं ते त्यालाही कळेना, शेवटी त्याने स्टीलचं ताट आणि पळी घेतली आणि ठोक्याच्या त्याच तालात वाजवत बसला. ती शांत झाली. खरंच झाली की मलाच वाटलं, देव जाणे.

खिडकी मात्र आम्ही त्याआधीच घेऊन बसलो होतो. बांधायच्या इमारतीत बुक केलेल्या घराला घर नव्हे, खिडकी म्हणायचो आम्ही. एका मोठ्या गार हॉलमध्ये काचेखाली सबंध शहर मांडलेलं होतं, तळहाताएवढे मनोरे, शेवाळाएवढी झाडं, नाकडोळे नसलेली मुंगीएवढी माणसं. टायवाल्या मुलाने आम्हाला संत्र्याचा रस दिला आणि बाविसाव्या मजल्यावर छोटा दिवा लावून दाखवला. संदेशने काचेवर बोट टेकवलं. इथून समुद्र दिसेल, म्हणाला. मी म्हटलं, समुद्र तर आमच्या रत्नागिरीत, मुरुगवाड्यात, मागच्या दारातून फुकट दिसतो, आणि तो टायवाला मुलगा, मराठी कळत नसूनही, आमच्याबरोबर हसला. मग संदेशने पुढच्या तारखांचे चेक सह्या करून दिले. तेव्हा सगळेच देत होते. त्याच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा एका खिडकीत भागीदार होता. तिथे चेक वटला नाही की बँक पत्र पाठवत नाही, पोलीस येतात, हे आम्हाला माहीत होतं. पण जसं समुद्रात बुडतात हे माहीत असतं तसं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात मी राजापूरला आले, आणि ईशा तीन महिन्यांची झाल्यावर रत्नागिरीला सासरी. सहा महिने बाहेर राहिलं की तिथला व्हिसा आपोआप संपतो. मी संदेशला दोनदा आठवण करून दिली. बघू, म्हणाला. माझा व्हिसा संपला त्या दिवशी मी ईशाची झोळी हलवत होते आणि मला काहीच झालं नाही, दिवस नेहमीसारखा गेला, बाळगुटी उगाळली, दुपारी पोफळीवर खार ओरडत होती. इतकं मोठं दार इतकं निमूट बंद होतं, याचंच नंतर भय वाटलं.

ईदच्या सुट्टीला जोडून संदेश येणार असं कळलं तेव्हा आईंनी ते तासाभरात सगळ्या आळीला सांगितलं. तो आला आणि त्याच आठवड्यात टीव्हीवर दुबईच्या बातम्या सुरू झाल्या. तिथल्या सरकारी कंपनीने कर्ज फेडायला मुदत मागितली म्हणे. पडद्यावर ते ओळखीचे मनोरे, खाली धावणारी इंग्रजी अक्षरं. पण त्याचं येणं कसलं आहे ते मला त्या बातमीआधीच कळलं होतं. सकाळच्या गाडीने उतरून तो रिक्षाने आला, आणि रिक्षातून फक्त खांद्याला लावायची एक बॅग निघाली. दुबईहून येणाऱ्या माणसाच्या बरोबर दोरीने आवळलेलं, जाड शाईने नाव लिहिलेलं खोकं असतं. आई त्याला ओवाळायचं विसरून रिक्षाच्या मागे बघत राहिल्या. मग शेजारच्या येसूबाईंना त्यांनीच सांगितलं, सामान मागून येतंय. संदेशने ईशाला घेतलं. तिने त्याच्याकडे नीट, मोठ्या माणसासारखं पाहिलं, आणि रडायला लागली. त्याने ती मला परत दिली नाही. रडू दिलं. तिच्या टाळूवर नाक टेकवून उभा राहिला, आणि मी त्याची मान बघत होते, मान बारीक झाली होती, शर्टाच्या कॉलरमध्ये बोट जाईल एवढी.

आळीत लोक यायला लागले. संध्याकाळी येसूबाई दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "काय रे संदेश, तुझी दुबई आता आपल्याकडेच हातउसनं मागायला येणार म्हणे? आमच्याकडे नारळ आहेत म्हणावं, लागले तर." सगळे हसले. संदेशही हसला. रात्री वाढताना आईंनी विचारलं, त्या बातमीचं आपल्याला काही नाही ना रे, तर तो म्हणाला, ते मोठ्या लोकांचं आहे आई, आपण कोण. आणि पापलेटाचा काटा इतका वेळ काढत बसला की तुकडीचं पीठ झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईशा झोळीत झोपली होती, आई येसूबाईंकडे गेल्या होत्या. मी झोळीची दोरी ओढत होते, तो भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बॅगेत मी सकाळी कपडे काढायला हात घातला होता, आणि त्यात आमच्या लग्नाचा फोटो, माझी मिक्सरची छोटी भांडी, ईशासाठी मी विणायला घेऊन अर्धा सोडलेला स्वेटर सुईसकट निघाला होता. सुट्टीवर येणारा माणूस सुई आणत नाही. मी त्याला विचारलं ते मात्र दुसरंच विचारलं.

"पासपोर्ट दिला त्यांनी?"

"दिला."

"असाच?"

तो दोरीकडे बघत होता. "रितेशने लिहून दिलं."

कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवते. सुट्टीला निघालेल्याला त्याचा पासपोर्ट मिळतो तो दुसऱ्या कुणी सही केल्यावर, की हा आला नाही तर माझा अडकवून ठेवा. एरवी त्या सहीचं कुणाला काही वाटत नाही, चहा पाजला की होते. पण गेल्या वर्षभरात माणसं कर्ज मागे टाकून गाड्या विमानतळावर किल्लीसकट सोडून जायला लागली, तेव्हापासून कुणी कुणाला सही देत नाही. मला रितेश त्या टेबलाशी वाकून सही करताना दिसला. तो र काढताना जीभ दातात धरतो.

"त्याला माहीत आहे?"

"काय?"

"तू जाणार नाहीस ते."

तुला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं नाही. झोळीची दोरी माझ्या हातात करकरत होती. तो बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना, पण आवाज न चढवता, ईशा उठू नये एवढाच. चार महिने पगार नाही. जानेवारीचा चेक परत जाणार. गेलो तर मला उचलतील, आणि उचललं की कधी सोडतील ते कुणी सांगू शकत नाही, एक केरळचा माणूस आहे, त्याच्या बायकोने तुरुंगात भेटायला जाऊन जाऊन शेवटी... ते त्याने अर्धं सोडलं. रितेशच्या नावावर काही नाही. त्याचे चेक नाहीत, कर्ज नाही. फार तर थोडे दिवस अडकेल. कंपनीच बंद पडली की सगळ्यांचे पासपोर्ट सोडावेच लागतील. "वेदू, ईशा मला काचेतून बघेल का? सांग. तू सांग, मी काय करू." त्याने माझ्या पायाचा अंगठा धरला होता, नुसता अंगठा, जसा लहान मूल झोपताना पदर धरतं. मी त्याच्या केसांत हात घातला, आणि त्याने मांडलेला हिशेब मी त्या दुपारी पूर्णपणे खरा मानला. थोडे दिवस अडकेल. कंपनी बंद पडली की सोडतील. त्या वाक्यांत एक गोड, दुधाळ झोप होती. माझं दूध भरून आलं होतं, ब्लाउज ओला झाला, ईशा उठली, मी तिला घेतलं, आणि तो आम्हा दोघींकडे असा बघत राहिला की मला वाटलं, याला कुठल्याही किमतीवर इथेच ठेवायचं. किंमत कुणाची ते मी स्वतःला विचारलं नाही.

मग तो आठवडाभर मला सारखं काहीतरी ऐकू येत राहिलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. मागच्या दारी उभी राहिले की खाली समुद्र, वर आंब्यांना फुटू लागलेला मोहर, आणि मधेच मला वाटायचं कुणीतरी प्लायवूडवर टकटक करतंय. संदेश मात्र सैल होत चालला होता. ईशा त्याला ओळखायला लागली. तो तिला घेऊन मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचा. नाचणे गावाकडे एक नवी इमारत उठत होती, तिथे सुपरवायझर हवाय का विचारून आला. रितेशचा फोन यायचा, तेव्हा तो बाहेर अंगणात जाऊन बोलायचा. आत येऊन म्हणायचा, बरा आहे. एकदा फोन मी घेतला. वैनी, रूम एवढी मोठी वाटते काय सांगू, रितेश म्हणाला, दादांनी सगळं विकून टाकलं म्हणाले, नवीन घेणार म्हणे आल्यावर. आणि हसला. ईशूला माझं ताट वाजवून दाखवा, म्हणाला.

नाट्याहून गोदामावशी आल्या त्या सकाळी, पहिल्या एस.टी.ने. रितेशची आई. मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं, ईशाच्या बारशाला, पण दारात त्या उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्या उभं राहण्यातच रितेश दिसला, येऊ काय विचारणारा. हातात मांजरपाटात शिवलेलं बोचकं. टाके बारीक, एकसारखे, आणि वर निळ्या शाईने शाळकरी अक्षरात रितेशचं नाव आणि दुबईचा फोन नंबर. कापडातूनही सुकवलेल्या कोळंबीचा, सोड्यांचा वास येत होता. आईंनी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला. दुबईला जाणाऱ्याच्या घरी असं कुणी ना कुणी बोचकं घेऊन येतंच. जाणारा कधी नाही म्हणत नाही, आपले कपडे काढून ठेवतो पण बोचकं नेतो, ती तिथल्या माणसांची रीत आहे. गोदामावशी सांगत होत्या, सोडे आहेत, कुळथाचं पीठ आहे, थोडी आमसुलं, तिकडची आमसुलं म्हणे आंबटच नसतात. शिमग्याला तो येणार आहे. जैतापूरची एक मुलगी बघितली आहे, बोलणं झालंय, त्याने फोटोच बघितलाय फक्त आणि लाजून फोन ठेवून दिलान. त्या हे संदेशकडे बघून सांगत होत्या. संदेश बाकावर बसला होता, गुडघ्यावर ईशा.

"जड न्हाय ना होणार रे बाबा?" त्यांनी विचारलं.

संदेश उठला, आणि सवयीने, काही न ठरवता, एका हाताने ते बोचकं उचलून हातातल्या हातात तोललं. दुबईत राहिलेला प्रत्येक माणूस तसं तोलतो. "बसेल," तो म्हणाला.

"कदी जातोस?"

"सोमवारी."

तो शब्द त्याच्या तोंडातून इतका सहज निघाला की क्षणभर मीच त्यावर विश्वास ठेवला. बोचकं त्याने भिंतीपाशी ठेवलं. मग त्याला ते तिथे बघवेना झालं असावं, कारण जेवताना त्याची पाठ बोचक्याकडे होती आणि तो पाठ ताठ धरून जेवत होता. जेवल्यावर गोदामावशींनी ईशाला पाय पसरून मांडीवर घेतलं आणि तेल लावून चोळलं, अशा हाताने की मला माझं सगळं चोळणं फुकट गेलं असं वाटलं. रितेशच्या पोटऱ्या अशाच होत्या म्हणाल्या, पाय आखूड राहतील म्हणून सासू बोलायची. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते आणि त्यांच्यावरून डोळे काढूही शकत नव्हते.

परतीच्या गाडीला त्यांना स्टॉपवर सोडायला मी गेले, ईशाला घेऊन. ऊन उतरलं नव्हतं. जांभ्याचा रस्ता, दोन्ही बाजूंना गडगे, त्या पुढे चालत होत्या आणि मी त्यांच्या टाचा बघत होते, भेगाळलेल्या, स्वच्छ. त्या मध्येच म्हणाल्या की रितेश फोनवर सारखा संदेशदादा संदेशदादा करतो, त्याला मोठा भाऊ नाही ना. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि ईशाच्या टोपीची नाडी बांधली. माझ्या डोक्यात काच होती. काचेच्या पलीकडे संदेश, अलीकडे ईशा, तिचा पंजा काचेवर. ती काच इतकी स्पष्ट होती की तिच्यावरचे बोटांचे ठसे दिसत होते. मग त्याच काचेच्या पलीकडे रितेश बसलेला दिसला, आणि अलीकडे कुणीच नव्हतं.

"मावशी, हे सोमवारी जाणार नाहीत."

"मग मंगळवारी?"

"जाणारच नाहीत."

त्या थांबल्या. मी सांगितलं. सही, तिजोरी, पासपोर्ट, चेक, सगळं उलटसुलट, माझ्या नवऱ्याची बाजूही मधेच सांगितली, पगार नाही, धरतील, पोर लहान आहे. हे सगळं मी त्यांच्या लुगड्याच्या काठाकडे बघून सांगत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे माजं पोर ह्याच्या जागेवर बसवलेलं हाय."

"हो."

"नि त्याला ठाव न्हाय."

"नाही."

राजापूरची गाडी आली. कंडक्टरने दार उघडलं, चला मावशी म्हणाला. गोदामावशींनी गाडीकडे पाहिलं, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि माशी उडवावी तसा हात हलवून गाडी जाऊ दिली. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला शिव्या घालतील, आणि दोन्हीसाठी मी ईशाला घट्ट धरून उभी होते. त्यांनी पदर सोडवून ईशाच्या डोक्यावर धरला. "चल गो," म्हणाल्या, "पोरीला ऊन लागतंय."

घरी त्यांनी अंगणात पाय धुतले. आई दारात आल्या, काय हो, गाडी चुकली? गोदामावशी ओटीवर आल्या, संदेश उठून उभा राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्या त्याच्यासमोर बसल्या, मांडी घालून, कामाला बसावं तशा. "बाबा, मी भांडायला न्हाय आले," त्या म्हणाल्या, "तुजं लेकरू लहान हाय, तेबी बघतंय मी. तू सोमवारी निघशील तवा तुला स्टेशनवर पोचवीन, नि मग नाट्याला जाईन. तवर हितंच ऱ्हातंय." एवढंच. आई एकदा त्यांच्याकडे, एकदा मुलाकडे बघत होत्या. मी आईंना काही सांगितलं नव्हतं. पण मुलाच्या तोंडाकडे बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आठवडाभराचा उजेड हळूहळू विझत गेला. त्या आत गेल्या, आणि मला वाटलं, आता देवापुढे बसतील. त्या आपलं धुतलेलं लुगडं आणि चटई घेऊन बाहेर आल्या आणि गोदामावशींच्या शेजारी ठेवून गेल्या.

मी स्वयंपाकघरात आले. हातांना काम हवं होतं. तांदळाच्या डब्यात माप घातलं, आणि नेहमीचे तांदूळ काढून झाल्यावर आणखी एक माप काढून पातेल्यात ओतलं, तो आवाज घरभर गेला असं मला वाटलं. संदेश दारात उभा होता.

"तू सांगितलंस."

"हो."

"आणि मला धरलं तर?"

ओटीवरून गोदामावशींचा आवाज येत होता, ईशाशी बोलत होत्या, काय गो बाय, दात कदी येणार तुला, असलं काहीबाही, कुठलंही ओझं नसलेलं. संदेश आत आला. त्याने माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि नळाखाली धरलं. दुबईत मला वासाचा त्रास व्हायचा तेव्हा तांदूळ तोच धुवायचा, त्याला ते येतं. पांढरं पाणी त्याने ओतून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पाणी नितळ निघायला लागलं तरी तो चोळत राहिला.

"मुंबईच्या गाडीचं रिझर्व्हेशन बघायला हवं," तो तांदळाकडे बघत म्हणाला. "ईदची गर्दी परत जाणार. मिळायचं नाही लवकर."

मी पातेलं त्याच्याकडून घेतलं. त्याचे हात गार पडले होते. नको जाऊस, हे शब्द माझ्या तोंडात पूर्ण तयार होते, जिभेवर त्यांचं वजन कळत होतं, आणि तो ते ऐकायला थांबला होता. मी गॅस पेटवला.